टिळकांचे चरित्र आणि लक्ष्मीबाईंची लेखणी

काही वर्षांपूर्वी नाशिक धर्मप्रांतातील एका धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे थोडेफार काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्या धर्मग्रामात एके काळी एक मास्तर होऊन गेले. ते शाळेत शिकवीत, रविवारी मिस्सेच्या वेळी पेटी वाजवीत आणि नाताळच्या व उपवासकाळाच्या दिवसांत स्वतः रचलेली भजने लोकांकडून म्हणवून घेत. त्यांच्यावर अर्धे पान लिहावयाचे होते. आम्ही ते लिहिले. त्यात 'सेवाभावी', 'निगर्वी', 'आदर्श पती व पिता', 'प्रभूच्या मळ्यातील थोर कामकरी' अशी सर्व विशेषणे यथास्थित होती. छापण्यापूर्वी ते पान मास्तरीणबाईंना वाचून दाखवावे, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं. पण हे गृहस्थ आमच्या घरात राहत नव्हते."

मग चहा होईपर्यंत त्यांनी जे सांगितले त्यात मास्तर होते. लेकीसाठी जमवलेल्या पैशातून पेटी विकत आणणारे, त्यावरून झालेल्या भांडणात तीन दिवस न जेवणारे, आणि चौथ्या दिवशी चुलीपुढे बसून नवे भजन म्हणून दाखवणारे मास्तर. भजनांच्या वह्यांचे काय झाले, असे विचारले तेव्हा कळले की घर बदलताना त्या रद्दीत गेल्या. स्मरणिकेत अखेर आमचे जुनेच अर्धे पान छापले गेले. दुसरे छापण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाच झाले नाही, मलाही नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, लेखकाचे जीवन आणि लेखन यांची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न आपल्या समाजापुढे वारंवार येतो आणि आपण तो वारंवार विशेषणांनी सोडवतो. वास्तविक या प्रश्नाचे मराठीतील एक उत्तम उत्तर आपल्या नाशिकजवळच जन्मलेल्या आणि नाशकातच देह ठेवलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीने नव्वद वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. नाशिककर कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून थाटाने साजरा करतो, आणि तो करावाच. त्याच्या तीनच दिवस आधी, २४ फेब्रुवारीला, १९३६ साली लक्ष्मीबाई टिळक नाशिक येथे निवर्तल्या, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात असते. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाकडे आत्मचरित्र म्हणून सर्वजण पाहतात. येथे त्याच्याकडे एका कवीचे चरित्र म्हणून पाहावयाचे आहे.

एक आयुष्य, दोन पुस्तके

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनाचा आराखडा वाचकांना परिचित असेल. १८६१ साली कोकणात करजगावी जन्म, नाशकात विद्याभ्यास, १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी विवाह, त्यानंतर गावोगावची भ्रमंती, संस्कृताचा व्यासंग, कीर्तने, कविता, नियतकालिके, १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने हाती दिलेला नवा करार, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा. पुढे अहमदनगर हे कार्यक्षेत्र, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत देहावसान. 'फुलामुलांचे कवी' म्हणून मराठी कवितेने त्यांना मानाचे स्थान दिले. त्यांची अभंगरूप भक्तिगीते तर ख्रिस्ती उपासनेत शंभर वर्षांहून अधिक काळ गाइली जात आहेत.

या आयुष्यावर पहिले महत्त्वाचे पुस्तक आले ते १९२३ साली, इंग्रजीत. लेखक जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू होते, नगर भागात त्यांनी काम केले होते आणि टिळकांविषयी त्यांच्या मनात निस्सीम आदर होता. देशभक्त तरुण, सत्यशोधक, ख्रिस्तभक्त आणि अखेर संतकवी अशा पायऱ्यांनी हे चरित्र वर चढत जाते. भारतीय मनाने भारतीय रीतीने ख्रिस्ताला कसे स्वीकारावे, याचा वस्तुपाठ म्हणून विन्स्लोंनी टिळकांकडे पाहिले. पुस्तक प्रामाणिक आहे, अभ्यासपूर्ण आहे आणि आजही वाचनीय आहे. टिळकांच्या कवितेचे आणि विचारांचे महत्त्व इंग्रजी जाणणाऱ्या जगाला समजावून सांगण्याचे कार्य त्याने केले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यातील टिळक आपल्याला बहुधा समोरून दिसतात, व्यासपीठावर बसलेले, प्रकाशात असलेले. पाहुणा घरी येतो तेव्हा यजमान असाच दिसतो.

दुसरे पुस्तक 'स्मृतिचित्रे'. त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड नीटसे न पाहिलेल्या, पतीनेच लिहावाचावयास शिकवलेल्या या बाईंनी टिळकांच्या निधनानंतर आठवणी लिहावयास घेतल्या. टिळकांचे जीवन ग्रंथित व्हावे ही इच्छा घरात होतीच. पण त्यातून जे उतरले ते ठरीव साच्याचे चरित्र झाले नाही. दोन माणसांच्या संसाराची कथा झाली, आणि त्या संसारातील एक माणूस कवी होता.

घरातून दिसलेला कवी

'स्मृतिचित्रे' वाचताना प्रथम जाणवते ती एक लहानशी गोष्ट. लक्ष्मीबाई आपल्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात. नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून घेऊ नये, असे मानणाऱ्या काळात वाढलेल्या बाईने 'आमचे हे', 'स्वामी', 'पतिदेव' यांपैकी काहीही न म्हणता सरळ आडनावाने बोलावे, यात लेखिकेची सारी भूमिका आली आहे. या आडनावाने टिळक तिच्यापासून हातभर दूर उभे राहतात. इतके दूर की त्यांना नीट पाहता यावे, आणि इतके जवळ की त्यांच्या मनातील खळबळ तिला ऐकू यावी. चरित्रकाराला जे अंतर साधण्यासाठी मोठी खटपट करावी लागते, ते लक्ष्मीबाईंनी एका संबोधनाने साधले आहे.

या अंतरातून दिसणारे टिळक कसे आहेत? ते तापट आहेत आणि क्षणात विरघळणारे आहेत. न सांगता घर सोडून निघून जाणारे आहेत. हाती आलेला पैसा उद्याचा विचार न करता देऊन टाकणारे, आणि मग घरात काय शिजणार याची चिंता बायकोवर सोपवणारे आहेत. अनाथ मुले, विद्यार्थी, आजारी माणसे यांनी त्यांचे घर सदैव भरलेले असते, आणि त्या भरलेल्या घराचा भार कोणाच्या अंगावर पडतो हे लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. पण हा हिशेब मांडताना त्यांच्या लेखणीत कडवटपणा येत नाही. त्या टिळकांना हसतात आणि त्याहून अधिक स्वतःला हसतात. आपले अज्ञान, आपली भीती, आपले हट्ट, आपल्या फजित्या त्यांनी ज्या मोकळेपणाने सांगितल्या आहेत, त्यामुळे टिळकांचे दोष सांगण्याचा त्यांचा अधिकार वाचकाला आपोआप मान्य होतो. स्वतःला वगळून दुसऱ्याचे दोष सांगणे ही निंदा होते. लक्ष्मीबाईंनी स्वतःला कोठेच वगळलेले नाही.

बालकवी ठोंबरे यांच्या आठवणी या दृष्टीने पाहाव्यात. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनाने या कोवळ्या मुलाची ओळख महाराष्ट्राला करून दिली, हे वाङ्मयेतिहासात नमूद आहे. पुढे तो टिळकांच्या नगरच्या घरी राहिला. निसर्गाचा थोर कवी, सौंदर्याचा उपासक अशा शब्दांत वाङ्मयेतिहास त्याला ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या पानांत तो एक रुसणारा, फुगणारा, हट्टी, लाघवी पोरगा म्हणून वावरतो. १९१८ मध्ये, तिशीही न गाठता, रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. त्यांच्या कवितेतील आनंदाच्या तळाशी असलेल्या उदासीचा उलगडा करण्यासाठी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या मुलाला कोणाच्या तरी घरी आईचे रागावणे आणि आईचे जेवण मिळाले होते, ही गोष्ट एका बाईने लिहून ठेवली म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंच्या शैलीचे कौतुक नेहमी 'साधी', 'घरगुती' अशा शब्दांत होते. ते खरे असले तरी अपुरे आहे. या साधेपणामागे रचनेची पक्की जाण आहे. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याची कथा सांगितली आहे. १८५७ च्या धामधुमीत एका वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांना शुद्धाशुद्धतेचे जणू वेडच लागले. धान्य धुवावे, साखर धुवावी, मीठसुद्धा धुवावे! वाचक हसतो. त्या घरातील मुलांचे काय झाले असेल, हे लक्षात आले की हसू ओसरते. आता ही कथा येथे का, याचे स्पष्टीकरण लेखिका देत नाही. पण शेकडो पानांनंतर जेव्हा हीच मुलगी जातपात टाकून कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागते, तेव्हा मीठ धुणारे ते घर आपल्याला आठवते आणि ती केवढे अंतर चालून आली हे कळते. एखाद्या प्रवचनकाराने हे अंतर चार परिच्छेदांत समजावून सांगितले असते. लक्ष्मीबाईंनी फक्त दोन प्रसंग सांगितले आणि मधला रस्ता वाचकावर सोडला.

मागे राहिलेल्याचे दुःख

ख्रिस्ती वाचकांच्या दृष्टीने या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत अवघड, भाग म्हणजे टिळकांच्या धर्मांतराचे वर्णन. मराठीत धर्मांतराच्या आत्मकथेची परंपरा त्याआधीच सुरू झाली होती. १८५४ साली ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' १८८८ साली प्रसिद्ध झाले. नावाप्रमाणेच त्याची दिशा अंधाराकडून प्रकाशाकडे अशी सरळ आहे. संत अगस्तीनच्या 'कबुलीजबाबा'पासून ही वाट मळलेली आहे: शंका, शोध, झगडा, शरणागती आणि शांती. बदलणाऱ्या माणसाच्या मनात काय घडले, हे अशा ग्रंथांतून आपल्याला कळते. तो ज्या घरातून निघाला त्या घरात काय घडले, हे सहसा कळत नाही.

'स्मृतिचित्रे'त दिवा त्या घरात ठेवलेला आहे. नवरा ख्रिस्ती झाला, ही बातमी येते तेव्हा पदरी लहान मूल असलेल्या, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहणाऱ्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो त्रैक्याचा किंवा तारणाचा नसतो. मी आता कोण, हा तो प्रश्न असतो. नवरा जिवंत आहे, म्हणून विधवा म्हणता येत नाही. आणि त्याच्याकडे जाता येत नाही, म्हणून सौभाग्याला अर्थ उरत नाही. नातेवाइकांची दया, शेजाऱ्यांचे बोलणे, मुलाच्या भवितव्याची भीती, आणि त्याच वेळी त्या माणसाच्या पत्राची वाट पाहणे, हे सारे त्यांनी जसे भोगले तसे लिहिले आहे. पुढे पतिपत्नी एकत्र आली, तरी काही काळ लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षे त्यांनी ग्रंथात घाईने ओलांडलेली नाहीत.

येथे एक विचार वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. लक्ष्मीबाई जेव्हा हे लिहीत होत्या, तेव्हा त्या ख्रिस्ती होऊन तीस वर्षे उलटून गेली होती. त्यांची श्रद्धा दृढ होती. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्या पूर्ण करीत होत्या. झाले ते प्रभूच्या इच्छेनेच झाले, तेव्हा त्या दुःखाला आता महत्त्व नाही, असे म्हणून मागचे सारे एका ओळीत आटोपणे त्यांना सहज शक्य होते. आपल्यापैकी पुष्कळांनी तसेच केले असते, आणि धर्मनिष्ठा म्हणून त्याचे कौतुकही झाले असते. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. १८९५ सालच्या त्या घाबरलेल्या, संतापलेल्या, हिंदू लक्ष्मीला त्यांनी तिच्याच शब्दांत बोलू दिले. तिचे दुःख चुकीचे ठरवले नाही. त्यामुळेच पुढे तिचा होणारा बदल आपल्याला खरा वाटतो. कोणीतरी घडवून आणलेला वाटत नाही. या देशात धर्मांतराविषयी जेव्हा जेव्हा कडवट वाद होतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी वाचावे असे पुस्तक एका ख्रिस्ती बाईने लिहून ठेवले आहे, आणि ते तिने कोणाचीही बाजू मांडण्यासाठी लिहिलेले नाही, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटावी.

म्हणूनच या पुस्तकावर बिगरख्रिस्ती महाराष्ट्रानेही भरभरून प्रेम केले. विजया मेहता यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यावर केलेला चित्रपट अनेकांच्या स्मरणात असेल. जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० साली आले, त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागून येते'. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंचे वर्णन तडफदार पत्नी असे केलेले आहे. दोन्ही भाषांतरे आदरास पात्र आहेत. पण दोन्ही नावे तिला कोणाची तरी पत्नी म्हणूनच ओळखतात. मूळ ग्रंथात मात्र ती केवळ मागून येत नाही. ती थांबते, भांडते, वेगळ्या वाटेने जाऊन पाहते आणि स्वतःच्या पायांनी पोहोचते.

जे राहून गेले

इतके कौतुक केल्यावर या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर आम्हीही स्मरणिकेचे अर्धे पानच लिहिले, असे होईल. लेखकाचे चरित्र म्हणजे त्याच्या लेखनाचेही चरित्र असावे लागते. टिळकांची कोणती कविता कोणत्या मनःस्थितीत जन्मली, संस्कृत वृत्तांकडून अभंगाकडे ते का आणि कसे वळले, वारकरी संतांच्या वाणीत ख्रिस्ताला गाण्याचा त्यांचा प्रयत्न त्यांच्या काळच्या ख्रिस्ती मंडळींनी कसा स्वीकारला, या गोष्टींची सलग संगती 'स्मृतिचित्रे'तून लागत नाही. सालांची आणि तारखांची तर लक्ष्मीबाईंना फारशी पर्वाच नाही. त्यांचे कालमापन मुलांची वये, दुखणी, बदल्या आणि प्लेगच्या साथी यांवर चालते. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ही उणीव बरीचशी भरून निघाली. आजीच्या आठवणींना नातवाने जागोजाग साल आणि संदर्भ जोडावेत, ही घटनाच चरित्रलेखन कसे चालते याचा एक धडा आहे. एका पिढीला सारे काही एकटीने साधत नाही.

उलट टोकाचे उदाहरण पाहावयाचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे. मूळचा इंग्लंडचा हा येशूसंघीय धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया आहे. त्याच्या आरंभीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तरी हस्तलिखितांतून ग्रंथ टिकला. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला, आणि त्यानंतरही विद्वान धर्मगुरूंनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. ग्रंथाची अशी सेवा झाली. पण ग्रंथकर्ता? चाळीस वर्षे साष्टीच्या भूमीत वावरलेल्या या माणसाने वडिलांना आणि भावाला लिहिलेली पत्रे सोडली तर त्याच्या अंतरंगाचे काय उरले आहे? भावाला १५८३ साली लिहिलेल्या पत्रात येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य त्याने हेरले होते. तेवढ्यावरूनही त्याच्या बुद्धीची चमक दिसते. परंतु पहिली ओवी त्याला कोणी शिकवली, कोणाच्या ओसरीवर बसून त्याने पुराण ऐकले, मराठी बोलताना त्याची फजिती झाली तेव्हा कोण हसले, हे सांगणारी लक्ष्मीबाई त्याला लाभली नाही. तिकडे लेखन राहिले आणि लेखक निसटला. इकडे लेखक हाती आला, पण त्याच्या लेखनाची घडण थोडी बाजूला राहिली. संपूर्ण चरित्राला दोन्ही लागतात.

एक गोष्ट मात्र लक्ष्मीबाईंच्या बाजूने नोंदवली पाहिजे. टिळकांच्या लेखनाचे विश्लेषण त्यांनी केले नसेल, पण त्यांच्या लेखनाची सर्वांत मोठी सेवा त्यांनीच केली. टिळकांनी 'ख्रिस्तायना'चे साडेदहा अध्याय लिहिले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. पतीचे जीवन आणि पतीचे काव्य, दोन्ही एकाच बाईने पुरे केले, असे उदाहरण मराठीत दुसरे आढळत नाही.

आपली रीत

आपण कॅथलिक मंडळी संतचरित्रांवर वाढलो आहोत. आजीच्या तोंडून ऐकलेल्या संत अंतोनीच्या, संत तेरेजाच्या कथांनी आपल्याला चरित्र म्हणजे काय ते शिकवले. या शिकवणुकीत वाईट काही नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, कोणाही चांगल्या माणसाविषयी लिहावयास बसलो की आपली लेखणी आपोआप वेदीकडे वळते. त्याचा राग, त्याचे कर्ज, त्याचे धर्मगुरूंशी झालेले मतभेद, त्याच्या बायकोचे अश्रू आपण झाकतो, आणि त्याला आदर म्हणतो. वस्तुतः आपल्या श्रद्धेचा मूळ ग्रंथ असे करीत नाही. पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली आहे. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभी राहावयाची होती त्याची ही फजिती झाकावी, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही. त्या नाकारण्यावाचून त्याच्या अश्रूंना आणि पुढच्या धैर्याला अर्थ राहिला नसता.

टिळक आपल्या पंथाचे नव्हते, मग त्यांच्या चरित्राची एवढी चर्चा आपण का करावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर नगर जिल्ह्याच्या मातीत आहे. राहुरीच्या ज्या परिसरात टिळक दांपत्याचा काही काळ गेला, त्याच परिसरात केंदळ येथे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला. तेथून आजवर आपल्या नियतकालिकांनी कितीतरी कवी, कथाकार, भजनकार घडवले. त्यांची नावे जुन्या अंकांत कवितांच्या खाली छापलेली आहेत, आणि त्या नावांमागची बहुतेक माणसे आज आपल्याला ठाऊक नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा मान वेगळा. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, आणि 'नाही मी एकला' हे आत्मकथन मागे ठेवून ते २०२४ मध्ये गेले. पण प्रत्येक लेखकाला स्वतःची कथा लिहिण्याचे सामर्थ्य आणि सवड मिळतेच असे नाही. बाकीच्यांचे काय?

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. ज्या घरात एखादा लिहिणारा होऊन गेला त्या घरी जावे, आणि प्रथम स्वयंपाकघरात बसावे. पत्नी, बहीण, सून काय सांगते ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. विशेषणे गाळावीत, सालाची खात्री करावी. वह्या कोठे आहेत ते विचारावे आणि असतील तर त्यांची प्रत काढून धर्मग्रामाच्या कपाटात एक आणि बाहेर एक अशा ठेवाव्यात. जे अप्रिय असेल ते छापावे की नाही, हा निर्णय पुढे घेता येईल. पण ते लिहून तर ठेवावे. ज्यांना कोणाला दुखवावयाचे नाही अशा लोकांच्या भीतीने जे कागदावरच आले नाही, ते पुढच्या पिढीला कोठूनही मिळत नाही.

आमचे मास्तर गेले, त्यांच्या वह्या गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईही गेल्या. त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जे सांगितले त्यातले मला आठवते तेवढे मी आता एका वहीत उतरवून ठेवले आहे. त्यांनी म्हणून दाखवलेल्या भजनाचे धृपद त्यात आहे. पुढची दोन कडवी त्या दिवशी लिहून घेतली असती तर मिळाली असती.